श्रीलंका २०१५ : राजपक्षे यांच्या जनाधाराचा बदललेला नकाशा

श्रीलंकेत ८ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विद्यमान राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांना पराभव पत्करावा लागला. तिसऱ्या कार्यकाळासाठी जनादेश मागणाऱ्या राजपक्षे यांना ४७.५८ टक्के मते मिळाली, तर विरोधकांचे सामायिक उमेदवार मैत्रिपाल सिरिसेना ५१.२८ टक्के मते मिळवून विजयी झाले. पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पराभूत होण्याचा श्रीलंकेच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग होता. १९८२ मध्ये जे. आर. जयवर्धने, १९९९ मध्ये चंद्रिका कुमारतुंगा आणि २०१० मध्ये स्वतः राजपक्षे यांनी पदावर असताना निवडणूक जिंकली होती.

या निकालाची चर्चा होताना उत्तर व पूर्व प्रांतांतील तमिळ आणि मुस्लिम मतदारांचा उल्लेख प्रथम होतो. पराभवानंतर खुद्द राजपक्षे यांनीही आपल्या पराभवाचे मूळ याच भागातील मतांमध्ये असल्याचे सूचित केले होते. जिल्हानिहाय आकडेवारी तपासली असता मात्र वेगळे चित्र समोर येते. उत्तर-पूर्वेतील मतांनी निकालावर शिक्कामोर्तब केले, हे खरे; परंतु राजपक्षे यांच्या पायाखालची जमीन सरकली ती प्रामुख्याने उर्वरित श्रीलंकेत.

निवडणूक पद्धती

श्रीलंकेत कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद १९७८ च्या राज्यघटनेने दृढ केले. या पदासाठी जनतेकडून थेट मतदान होते आणि संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ मानला जातो. विजयासाठी वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते आवश्यक असतात. मतदाराला पहिल्या पसंतीबरोबरच दुसरी व तिसरी पसंतीही नोंदविता येते. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिले दोन उमेदवार वगळता इतरांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजल्या जातात.

निकाल २२ निवडणूक जिल्ह्यांनुसार जाहीर होतात. प्रशासकीय जिल्हे २५ आहेत. परंतु जाफना निवडणूक जिल्ह्यात किलिनोच्चीचा, तर वन्नी निवडणूक जिल्ह्यात मन्नार, वावुनिया आणि मुल्लैतिवू या तीन जिल्ह्यांचा समावेश होतो. अमेरिकेप्रमाणे येथे एखादा प्रदेश जिंकला म्हणून त्याची सर्व मते विजेत्याच्या खात्यात जमा होत नाहीत. जिल्हा जिंकणे अथवा हरणे याला कायदेशीर महत्त्व नसून देशभरातील एकूण बेरीज तेवढी निर्णायक ठरते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात आघाडी कायम राहूनही ती घटली, तर त्याचा फटका उमेदवाराला बसतोच. २०१५ चा निकाल समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२००५ आणि २०१० : पूर्वपीठिका

राजपक्षे प्रथम निवडून आले ते नोव्हेंबर २००५ मध्ये. त्या वेळी त्यांना ५०.२९ टक्के, तर प्रतिस्पर्धी रानिल विक्रमसिंघे यांना ४८.४३ टक्के मते मिळाली. दोघांमधील अंतर जेमतेम १.८ लाख मतांचे होते. उत्तरेत ‘एलटीटीई’ने लादलेल्या बहिष्कारामुळे जाफना जिल्ह्यात केवळ १.२१ टक्के मतदान झाले. तेथे नेहमीप्रमाणे मतदान झाले असते तर निकाल वेगळा लागला असता, असे मत अनेक निरीक्षकांनी नोंदविले. त्या निवडणुकीत कोलंबो, कँडी, बदुल्ला आणि पुत्तलम या जिल्ह्यांत विक्रमसिंघे यांना आघाडी मिळाली होती.

मे २००९ मध्ये सुमारे २६ वर्षे चाललेले गृहयुद्ध संपुष्टात आले. युद्धातील विजयाचे श्रेय घेऊन राजपक्षे यांनी मुदतीपूर्वीच निवडणूक जाहीर केली आणि २६ जानेवारी २०१० रोजी मतदान झाले. युद्धकाळात लष्करप्रमुख राहिलेले जनरल सरत फोन्सेका हेच विरोधकांचे उमेदवार होते. राजपक्षे यांना ६०.१६ लाख म्हणजे ५७.८८ टक्के, तर फोन्सेका यांना ४१.७३ लाख म्हणजे ४०.१५ टक्के मते मिळाली. २२ पैकी १६ जिल्हे राजपक्षे यांच्याकडे गेले. फोन्सेका यांना जाफना, वन्नी, बट्टिकलोआ, त्रिंकोमाली, दिगामडुल्ला (अंपारा) आणि चहामळ्यांचा नुवारा एलिया हे सहा जिल्हे मिळाले.

ज्या सेनापतीने उत्तरेतील युद्धाचे नेतृत्व केले, त्यालाच उत्तरेतील तमिळ मतदारांनी पसंती दिली, यावरून तेथील नाराजीची कल्पना येते. परंतु जाफन्यात त्या वेळी केवळ २५.६६ टक्के मतदान झाले होते. उत्तरेचा कौल राजपक्षे यांच्या विरोधात असला, तरी तो पुरेशा संख्येने मतपेटीत उतरला नव्हता.

तिसऱ्या कार्यकाळाचा मार्ग आणि सिरिसेना यांची उमेदवारी

सप्टेंबर २०१० मध्ये संसदेने अठरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिने राष्ट्राध्यक्षपदावरील दोन कार्यकाळांची मर्यादा हटविली आणि निवडणूक, पोलीस, न्यायव्यवस्था आदी क्षेत्रांतील महत्त्वाच्या नियुक्त्यांवर राष्ट्राध्यक्षांची पकड घट्ट केली. जानेवारी २०१३ मध्ये सरन्यायाधीश शिरानी बंदरनायके यांना महाभियोगाद्वारे पदावरून दूर करण्यात आले. संरक्षण सचिवपद, अर्थविकास मंत्रालय आणि संसदेचे सभापतिपद ही महत्त्वाची स्थाने राष्ट्राध्यक्षांच्या बंधूंकडे असल्याने घराणेशाहीचा आरोप तीव्र झाला होता.

धोक्याची सूचना सप्टेंबर २०१४ मध्ये उवा प्रांतिक परिषदेच्या निवडणुकीतून मिळाली. बदुल्ला व मोनरागला या दोन जिल्ह्यांच्या या प्रांतात सत्ताधारी आघाडीला २००९ मध्ये सुमारे ७२ टक्के मते मिळाली होती. ती आता सुमारे ५१ टक्क्यांवर आली. सत्ता टिकली, परंतु ओहोटी लागल्याचे स्पष्ट झाले. ती वाढण्यापूर्वीच जनादेश मिळवावा, या हेतूने राजपक्षे यांनी २० नोव्हेंबर २०१४ रोजी, कार्यकाळाची सुमारे दोन वर्षे शिल्लक असताना, निवडणुकीची घोषणा केली. ज्योतिषाच्या सल्ल्याने मुहूर्त साधून तारीख ठरविल्याची चर्चाही त्या वेळी सर्वत्र होती.

दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी श्रीलंका फ्रीडम पार्टीचे सरचिटणीस आणि आरोग्यमंत्री मैत्रिपाल सिरिसेना यांनी सरकारमधून बाहेर पडून विरोधी उमेदवारी जाहीर केली. विक्रमसिंघे यांची युनायटेड नॅशनल पार्टी आणि माजी राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सिंहली-बौद्ध राष्ट्रवादी जातिक हेळ उरुमय हा पक्षही राजपक्षे यांची साथ सोडून आला. जनता विमुक्ती पेरामुनाने स्वतःचा उमेदवार न देता राजपक्षेविरोधी प्रचार केला. डिसेंबरच्या उत्तरार्धात दोन प्रमुख मुस्लिम पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढला आणि ३० डिसेंबर रोजी तमिळ नॅशनल अलायन्सने सिरिसेना यांना पाठिंबा जाहीर केला.

पाठिंब्याचा हा क्रमही अर्थपूर्ण होता. सिंहली पक्ष व नेते आधी एकत्र आले आणि तमिळ पक्षाने आपला निर्णय मतदानाच्या आठवडाभर आधीपर्यंत राखून ठेवला. परिणामी, सिरिसेना हे अल्पसंख्याकांचे उमेदवार असल्याचा प्रचार दक्षिणेत २०१० इतका प्रभावी ठरला नाही.

निकाल : दोन निवडणुकांची तुलना

२०१५ मध्ये मतदानाचे प्रमाण ८१.५२ टक्के होते. २०१० मध्ये ते ७४.४९ टक्के होते. सिरिसेना यांना ६२.१७ लाख, तर राजपक्षे यांना ५७.६८ लाख मते मिळाली. अंतर सुमारे ४.४९ लाख मतांचे राहिले. जिल्ह्यांचा हिशेब सिरिसेना १२ आणि राजपक्षे १० असा झाला. २०१० मधील फोन्सेका यांचे सहाही जिल्हे सिरिसेना यांनी राखले आणि राजपक्षे यांच्याकडील आणखी सहा जिल्हे आपल्याकडे वळविले.

राजपक्षे यांच्या एकूण मतांत झालेली घट अवघी अडीच लाखांची आहे. विरोधी उमेदवाराची मते मात्र २०.४ लाखांनी वाढली. मतदारयादीची वाढ आणि मतदानाचे वाढलेले प्रमाण यांमुळे वैध मतांमध्ये सुमारे १७.३ लाखांची भर पडली होती. थोडक्यात, राजपक्षे यांनी आपला जुना मतदार मोठ्या प्रमाणावर टिकविला. परंतु त्यांच्या विरोधातील मतांचा ओघ देशभर वाढला.

उत्तर आणि पूर्व

जाफना जिल्ह्यात मतदानाचे प्रमाण २५.६६ टक्क्यांवरून ६६.२८ टक्क्यांवर गेले. तेथे सिरिसेना यांना ७४.४२ टक्के, तर राजपक्षे यांना २१.८५ टक्के मते मिळाली. वन्नीत सिरिसेना यांचे प्रमाण ७८.४७ टक्के, बट्टिकलोआत ८१.६२ टक्के आणि त्रिंकोमालीत ७१.८४ टक्के होते. सिंहली, मुस्लिम व तमिळ अशी संमिश्र वस्ती असलेल्या दिगामडुल्लात बदल लक्षणीय होता. २०१० मध्ये तेथे फोन्सेका यांना ४९.९४ आणि राजपक्षे यांना ४७.९२ टक्के मते होती. २०१५ मध्ये सिरिसेना ६५.२२ टक्क्यांवर पोहोचले.

या भागात सरकारने रस्ते आणि रेल्वेमार्गांची कामे केली होती. भारताच्या साहाय्याने उभारलेल्या लोहमार्गावरून ‘याळ देवी’ ही गाडी ऑक्टोबर २०१४ मध्ये अनेक वर्षांनंतर पुन्हा जाफन्यात पोहोचली. परंतु लष्कराची मोठी उपस्थिती, ताब्यात घेतलेल्या जमिनी, युद्धात बेपत्ता झालेल्यांचा प्रश्न आणि सत्तेच्या विकेंद्रीकरणाची रखडलेली प्रक्रिया या मुद्द्यांवरील असंतोष कायम होता. सप्टेंबर २०१३ मधील उत्तर प्रांतिक परिषदेच्या निवडणुकीत तमिळ नॅशनल अलायन्सने ३८ पैकी ३० जागा जिंकल्या, तेव्हाच तो मतपेटीतून व्यक्त झाला होता. मुस्लिम मतदारांच्या बाबतीत जून २०१४ मध्ये कळुतरा जिल्ह्यातील अलुथगामा परिसरात झालेली दंगल निर्णायक ठरली. कट्टर बौद्ध संघटनांना सरकार आवर घालत नाही, अशी भावना त्या समाजात सर्वदूर पसरली होती.

चहामळ्यांचा प्रदेश

मध्य श्रीलंकेतील डोंगराळ भागात ब्रिटिश राजवटीत तमिळ प्रदेशातून आणलेल्या मळेकामगारांचे वंशज राहतात. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने त्यांच्यापैकी बहुसंख्य नागरिकत्वाला मुकले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारापासून पुढे अनेक टप्प्यांत हा प्रश्न सुटत गेला. या समाजाची मते प्रायः कामगार संघटनांच्या नेतृत्वाच्या सल्ल्याने पडतात, असा समज आहे. २०१५ मध्ये सर्वांत मोठी संघटना असलेली सिलोन वर्कर्स काँग्रेस राजपक्षे यांच्यासोबत राहिली, तर पी. दिगांबरम आणि व्ही. राधाकृष्णन हे नेते सरकारमधून बाहेर पडून सिरिसेना यांच्याकडे गेले. नुवारा एलियात सिरिसेना यांना ६३.८८ टक्के मते मिळाली. २०१० मध्ये फोन्सेका यांना तेथे ५२.१४ टक्के होती. मोठ्या संघटनेचा आदेश तिच्या सदस्यांनी यावेळी मानला नाही, हेच या आकड्यांवरून दिसते.

बाजू बदललेले सहा जिल्हे

राजपक्षे यांच्या हातून गेलेल्या सहा जिल्ह्यांतील त्यांच्या मतांचे प्रमाण पुढीलप्रमाणे बदलले :

कोलंबो : २०१० मध्ये ५२.९३ टक्के, २०१५ मध्ये ४३.४० टक्के
गंपहा : ६१.६६ टक्के, ४९.४९ टक्के
कँडी : ५४.१६ टक्के, ४४.२३ टक्के
पुत्तलम : ५८.७० टक्के, ४८.९७ टक्के
बदुल्ला : ५३.२३ टक्के, ४९.१५ टक्के
पोलोन्नरुवा : ६४.९२ टक्के, ४१.२७ टक्के

यांपैकी कोलंबो, कँडी, बदुल्ला आणि पुत्तलम या चार जिल्ह्यांत राजपक्षे २००५ मध्येही मागे होते. युद्धविजयाच्या लाटेत ते २०१० मध्ये त्यांच्याकडे आले आणि लाट ओसरताच मूळ जागी गेले. बदुल्लात दोघांमधील अंतर ३०० मतांहूनही कमी होते. या चारही जिल्ह्यांत मुस्लिम, तमिळ अथवा ख्रिस्ती मतदारांची संख्या लक्षणीय आहे.

गंपहा आणि पोलोन्नरुवा यांची गोष्ट मात्र निराळी आहे. दोन्ही जिल्हे सिंहलीबहुल असून राजपक्षे यांना २००५ मध्येही तेथे आघाडी होती. कोलंबोला लागून असलेल्या गंपहात कामगार व निमशहरी मध्यमवर्गाची दाट वस्ती आहे. मे-जून २०११ मध्ये याच जिल्ह्यातील कटुनायके येथील मुक्त व्यापार क्षेत्रात निवृत्तिवेतन योजनेविरुद्ध निदर्शने करणाऱ्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये वेलिवेरिया येथे शुद्ध पाण्याची मागणी करणाऱ्या जमावावर लष्कराने केलेल्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. पुत्तलम जिल्ह्यातील चिलाव येथे फेब्रुवारी २०१२ मध्ये इंधन दरवाढीविरुद्ध आंदोलन करणाऱ्या मच्छीमारांपैकी एक जण गोळीबारात मरण पावला होता. युद्धात ज्या सैन्याचा अभिमान बाळगला, तेच सैन्य आपल्या गावच्या रस्त्यावर बंदूक रोखून उभे राहिलेले सिंहली मतदाराने पाहिले. याचा नेमका किती मतांवर परिणाम झाला हे मोजता येत नसले, तरी गंपहातील १२ टक्क्यांची घसरण केवळ अल्पसंख्याकांच्या नाराजीतून झाली असे म्हणता येत नाही.

पोलोन्नरुवा हा सिरिसेना यांचा स्वतःचा जिल्हा. प्राचीन राजधान्या आणि विस्तीर्ण तलावांचा हा शेतीप्रधान प्रदेश रजरट म्हणून ओळखला जातो. या भागातील शेतकरी कुटुंबातून आलेला नेता राष्ट्राध्यक्षपदाच्या उंबरठ्यावर प्रथमच पोहोचला होता. तेथे सिरिसेना यांना ५७.८० टक्के मते मिळाली. शेजारच्या अनुराधपुरा जिल्ह्यात राजपक्षे यांनी आघाडी राखली. परंतु त्यांचे प्रमाण ६६.३२ टक्क्यांवरून ५३.५९ टक्क्यांवर घसरले.

दक्षिणेतील बालेकिल्ला

दक्षिणेतील जिल्ह्यांनी राजपक्षे यांची साथ सोडली नाही. हंबनटोटा या त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात बंदर, मत्तला येथील आंतरराष्ट्रीय विमानतळ, क्रिकेटचे मैदान असे मोठे प्रकल्प उभे राहिले होते. तेथे त्यांना ६३.०२ टक्के मते मिळाली. २०१० मध्ये हे प्रमाण ६७.२१ टक्के होते. प्रत्यक्ष मतांचा विचार केला तर ती सुमारे २.२७ लाखांवरून २.४३ लाखांवर गेली होती. मते वाढूनही टक्केवारी घटली, कारण विरोधी मते त्याहून वेगाने वाढली.

अन्यत्र घसरण अधिक होती. माटारात ६५.५३ वरून ५७.८१ टक्के, गॅलेत ६३.६९ वरून ५५.६४ टक्के, रत्नपुरात ६३.७६ वरून ५५.७४ टक्के, कुरुनेगलात ६३.०८ वरून ५३.४६ टक्के आणि कळुतरात ६३.०६ वरून ५२.६५ टक्के, असे त्यांचे प्रमाण खाली आले. नकाशावर हे सर्व जिल्हे राजपक्षे यांच्याच रंगात दिसतात. परंतु पूर्वी येथून मिळणाऱ्या भरघोस आघाडीच्या बळावर ते उत्तर-पूर्वेतील तूट सहज भरून काढत. ती आघाडीच आता आटली होती.

बेरीज काय सांगते?

उत्तर व पूर्वेतील पाच निवडणूक जिल्ह्यांची मते एकत्र केल्यास २०१० मध्ये फोन्सेका यांना राजपक्षे यांच्यावर सुमारे २.२६ लाखांची आघाडी होती. २०१५ मध्ये सिरिसेना यांची आघाडी सुमारे ६.५५ लाख झाली. म्हणजे ती ४.३ लाखांनी वाढली. राजपक्षे यांची स्वतःची मते या पाच जिल्ह्यांत ३.४५ लाखांवरून ३.२४ लाखांवर आली, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिली. वाढली ती विरोधातील मते, आणि तीही प्रामुख्याने पूर्वी मतदानापासून दूर राहिलेल्या मतदारांमुळे.

उर्वरित १७ जिल्ह्यांत २०१० मध्ये राजपक्षे यांची आघाडी सुमारे २०.७ लाख मतांची होती. २०१५ मध्ये ती केवळ २.०५ लाख उरली. म्हणजेच येथे त्यांनी १८.६ लाखांची आघाडी गमावली. २०१० मधील १८.४ लाखांचा विजय ४.५ लाखांच्या पराभवात बदलण्यासाठी एकूण सुमारे २२.९ लाख मतांचा फरक पडला. त्यातील पाचपैकी चार भाग उत्तर-पूर्वेबाहेरील होता.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. उत्तर व पूर्वेतील मते वगळली, तर राजपक्षे सुमारे दोन लाखांनी विजयी झाले असते. या अर्थाने तमिळ व मुस्लिम मतदारांनी सिरिसेना यांना पदावर बसविले. परंतु उर्वरित देशात राजपक्षे यांचा पाया २०१० इतका भक्कम राहिला असता, तर उत्तर-पूर्वेतील वाढीव मतदानानंतरही ते सुमारे १४ लाखांच्या आघाडीने निवडून आले असते. पहिला निष्कर्ष तेवढा सांगितला गेला की पराभवाचा दोष एका समाजावर ठेवणे सोपे जाते. दुसरा निष्कर्ष सांगितला तरच कारभार, महागाई, घराणेशाही आणि दडपशाही यांबद्दल सिंहली मतदारानेही आपले मत नोंदविले होते, हे स्पष्ट होते.

त्यानंतरचा प्रवास

९ जानेवारी २०१५ रोजी पहाटे, संपूर्ण निकाल हाती येण्यापूर्वीच, राजपक्षे यांनी ‘टेंपल ट्रीज’ हे अधिकृत निवासस्थान सोडले. त्याच दिवशी सायंकाळी सिरिसेना यांचा शपथविधी झाला आणि विक्रमसिंघे पंतप्रधान झाले. एप्रिल २०१५ मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने दोन कार्यकाळांची मर्यादा पुन्हा लागू केली. पुढे सिरिसेना व विक्रमसिंघे यांच्यात दुरावा निर्माण झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिरिसेना यांनी राजपक्षे यांनाच पंतप्रधान नेमले. त्यातून उद्भवलेला घटनात्मक पेच त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मिटला.

एप्रिल २०१९ मधील ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर सुरक्षेचा प्रश्न पुन्हा अग्रभागी आला. नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत सिरिसेना उमेदवार नव्हते. महिंदा यांचे बंधू गोटाबाया राजपक्षे ५२.२५ टक्के मते मिळवून विजयी झाले. त्यांनी १६, तर सजित प्रेमदासा यांनी सहा जिल्हे जिंकले. हे सहा जिल्हे म्हणजे २०१० मध्ये फोन्सेका यांना मिळालेले तेच सहा होत. २०१५ मध्ये बदललेला नकाशा पाच वर्षांच्या आत तंतोतंत पूर्वपदावर आला.

परंतु तोही टिकला नाही. आर्थिक अरिष्ट आणि जनआंदोलनामुळे जुलै २०२२ मध्ये गोटाबाया यांना पद सोडावे लागले आणि संसदेने विक्रमसिंघे यांची उर्वरित कार्यकाळासाठी निवड केली. २१ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष म्हणून जनतेचा कौल मागितला, तेव्हा १७.२७ टक्के मतांसह ते तिसऱ्या स्थानी राहिले. पहिल्या फेरीत कोणालाही निम्मी मते न मिळाल्याने पुढील पसंतीची मते प्रथमच मोजावी लागली आणि जनता विमुक्ती पेरामुनाचे नेते अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. त्याही वेळी उत्तर-पूर्वेतील पाचही जिल्ह्यांत प्रेमदासा आघाडीवर होते. मात्र अवघ्या दोन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत, दिसानायके यांच्या नॅशनल पीपल्स पॉवर आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या आणि बट्टिकलोआ वगळता जाफन्यासह सर्व २१ जिल्ह्यांत पहिले स्थान मिळविले.

२०१० ते २०२४ या काळातील निवडणुका पाहता, श्रीलंकेतील प्रादेशिक कौल हा जातीय वस्तीच्या रेषांवर कायमचा कोरलेला आहे, हे गृहीतक टिकत नाही. उत्तर-पूर्वेचा राजपक्षे घराण्याला असलेला विरोध दीर्घकाळ स्थिर राहिला; पण पदावरील राष्ट्राध्यक्षाचे भवितव्य ठरविणारा मोठा चढउतार प्रत्येक वेळी गंपहा, कुरुनेगला, अनुराधपुरा, पोलोन्नरुवा अशा सिंहलीबहुल जिल्ह्यांत झाला. २०१५ मध्ये राजपक्षे यांच्याकडे राहिलेल्या दहा जिल्ह्यांतही हाच बदल घडला होता. तो दिसला नाही, कारण नकाशावरील त्यांचा रंग बदलला नव्हता.